भाषा बदलण्याची जागा

संकेतस्थळाच्या एखाद्या पानावर जे जे काही मांडलेले असते, मग तो मथळा असो, मजकूर असो, छायाचित्राखालची ओळ असो वा तळाशी दिलेला पत्ता असो, ते सर्व त्या पानाची भाषा जाणणाऱ्या वाचकाला उद्देशून असते. अपवाद एकाच लहानशा तुकड्याचा, आणि तो म्हणजे पानाच्या वरच्या कोपऱ्यात बसवलेला भाषा बदलण्याचा मेनू. समोरचे पान ज्याला वाचता येत नाही, किंवा वाचता आले तरी ज्याचे मन त्यात रमत नाही, अशा माणसाकरिताच तो तुकडा अस्तित्वात आलेला असतो. आणि तरीही त्याची सजावट करणारा मनुष्य बहुधा ते पान अस्खलित वाचणारा असतो. या विसंगतीतून जे दोष उत्पन्न होतात, ते एकोडीसारख्या लहान गावी राहून आसपासच्या संस्थांची संकेतस्थळे दुरुस्त करताना माझ्या वारंवार दृष्टीस पडले आहेत. या विद्येत नव्याने पडणाऱ्या तरुणांना त्यांविषयी विस्ताराने सांगावे, असे मनापासून वाटू लागल्यामुळे हा लेख लिहीत आहे.

एकोडी हे भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील गाव. या जिल्ह्याचा इतिहासच असा आहे, की एकाच भाषेचा निर्विवाद अंमल त्याने फारसा अनुभवलेला नाही. १८६१ साली स्थापन झालेल्या मध्यप्रांतात, म्हणजे हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषा नांदणाऱ्या प्रांतात, भंडारा होता. १९५० साली त्याच प्रांताचे मध्य प्रदेश असे नामकरण झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. पुढे १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा त्यातून वेगळा झाला. राज्ये बदलली, तहसिलीचे शिक्के बदलले, पण बाजारातले बोलणे मात्र आपल्याच वळणाने चालत राहिले. साकोलीच्या आठवडी बाजारात आजही झाडीबोली, पोवारी, हिंदी आणि गोंडी यांतून व्यवहार होतो. नागपूर-रायपूर हमरस्ता तालुक्यातून जात असल्यामुळे छत्तीसगडचा व्यापारी येथे परका नाही. आणि नागझिऱ्याच्या अरण्याकडे पिटेझरीच्या दरवाजाने जाणारा पर्यटक देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातून आलेला असू शकतो. अशा मुलखातील संकेतस्थळाला भाषा बदलण्याची सोय हा अलंकार नव्हे, ती निकड आहे.

येथील एका शेतकरी संस्थेचे संकेतस्थळ माझ्याकडे दुरुस्तीस आले, ते याच निकडीतून. भंडाऱ्याचा चिन्नोर हा सुवासिक तांदूळ भौगोलिक मानांकन मिळालेला. तो दूरच्या ग्राहकाला थेट विकता यावा आणि सभासदांना बियाण्याची, खरेदीकेंद्राची माहिती घरबसल्या मिळावी, या हेतूने संस्थेने एका शहरातील कंपनीकडून इंग्रजी, हिंदी व मराठी अशा तीन भाषांत ते करून घेतले होते. मजकूर तिन्ही भाषांत सिद्ध होता, भाषांतरही काळजीपूर्वक केलेले होते, तरीसुद्धा रोवणीच्या दिवसांत संस्थेच्या कार्यालयात सभासदांचे फोन येत आणि प्रश्न एकच असे, “यात मराठी कुठं आहे जी?” मराठी होती, पण ती असल्याचे कोणाच्या डोळ्यांना दिसत नव्हते. संकेतस्थळ प्रथम इंग्रजीत उघडे. कोपऱ्यात पृथ्वीच्या गोलाचे एक फिकट चित्र होते. त्यावर संगणकाचा माऊस नेला असता एक यादी खाली उतरे, आणि त्या यादीत तीन झेंडे व त्यांच्यापुढे तीन नावे असत. मोबाईलवर तर ती यादी कधी उतरे, कधी उतरतच नसे. कंपनीने पैशांत किंवा श्रमांत कसूर केली होती असे मी म्हणणार नाही. संपूर्ण सजावट मोठ्या पडद्यावर, इंग्रजी पान समोर ठेवून, इंग्रजी वाचणाऱ्याने केली होती. पुढचे सर्व दोष त्यातून ओघानेच आले.

त्यांतील पहिला आणि माझ्या मते सर्वांत बोधप्रद दोष हा, की यादीतील ‘मराठी’ हा शब्द पडद्यावर ‘मराठा’ असा दिसत होता. लिहिणाऱ्याने तो बरोबरच लिहिला होता. परंतु सजावटीच्या नियमांत, म्हणजे ज्यांना आपण सीएसएस म्हणतो त्या नियमावलीत, प्रत्येक ओळीची उंची अक्षराच्या आकाराइतकीच बांधून टाकलेली होती आणि त्या मर्यादेबाहेर जाणारा भाग लपवून टाकण्याचा हुकूम, ‘ओव्हरफ्लो हिडन’, खालोखाल दिलेला होता. रोमन लिपीच्या दृष्टीने यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. देवनागरीचे मात्र शिरोरेषेच्या वर एक पूर्ण राज्य आहे. वेलांटीचे वळण, मात्रा, रफार, अनुस्वार ही सर्व तेथे वसतात, आणि रेषेच्या खाली उकार, ऋकार व कित्येक जोडाक्षरांचे पाय उतरतात. वरचा थर कापला गेला की दुसऱ्या वेलांटीचा काना तेवढा शिल्लक राहतो आणि ‘ठी’चा ‘ठा’ होतो. ‘हिन्दी’ शब्दाच्या तर दोन्ही टोकांच्या वेलांट्या जाऊन त्याचे जे रूप उरते, ते कोणत्याच भाषेचे राहत नाही. वाचकाला आपल्या भाषेचे नावच जेथे ओळखता येत नाही, तेथे तो बोट टेकवील कसे?

आपल्या जुन्या छापखान्यांना ही अडचण पुरेपूर ठाऊक होती. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी मात्रा, रफार व उकार यांचे खिळे वेगळे असत, आणि जुळारी ते अक्षराच्या वर आणि खाली बसवून एका ओळीची जणू तीन पदरी रचना करी. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याची ख्याती त्याच्या टाइपाच्या सौष्ठवामुळे झाली, त्यामागे या तीन पदरांचा तोल सांभाळणारी दृष्टी होती. पुढे संगणकाच्या युगात र. कृ. जोशींसारख्या मराठी सुलेखनकाराने विंडोजसाठी ‘मंगल’ हा टंक घडवला, तेव्हा त्यांनाही शिरोरेषेच्या वरच्या व खालच्या प्रदेशाचा हिशेब करावा लागला. टंक घडवणाऱ्याने राखून ठेवलेली ही जागा सजावट करणाऱ्याने एका ओळीच्या नियमाने कापून टाकावी, हे मला अतिशय क्लेशदायक वाटते.

उपाय अवघड नाही. मेनूतील कोणत्याही घटकाची उंची ठराविक पिक्सेलांत बांधू नये. ‘लाइन-हाइट’ला एककाशिवायचा आकडा द्यावा, आणि देवनागरी असेल तेथे तो १.६ च्या आसपास ठेवावा. वर-खाली जी मोकळी जागा लागते ती ‘पॅडिंग’ने, तीही अक्षराच्या आकाराच्या प्रमाणात द्यावी, म्हणजे ज्याने मोबाईलमध्ये अक्षरे मोठी करून घेतली आहेत अशा वयस्क वाचकाकडे तो मेनू त्याच प्रमाणात वाढेल. ‘ओव्हरफ्लो हिडन’चा हुकूम मेनूच्या आसपास कोठे आहे काय याची रुजुवात करावी, कारण पुष्कळदा तो मेनूवर लिहिलेला नसून त्याच्या बाहेरच्या चौकटीवर लिहिलेला असतो आणि दोष शोधणाऱ्याच्या तावडीत सहजी सापडत नाही. आणि परीक्षेसाठी ‘मराठी’ या एकाच शब्दावर न थांबता ‘मूर्तींचे’ असा शब्द तात्पुरता घालून पाहावा: त्यात दीर्घ उकार खाली आहे, आणि रफार, वेलांटी व अनुस्वार एकाच अक्षराच्या डोक्यावर आहेत. तो शब्द सुखरूप दिसला की देवनागरीपुरती काळजी मिटली असे समजण्यास हरकत नाही.

याच कुळातील दुसरा दोष अक्षरांमधील अंतराचा. इंग्रजी मेनूंत मोठ्या लिपीतील अक्षरे थोडी विरळ मांडण्याची रूढी आहे आणि ती दिसतेही छान; परंतु ‘लेटर-स्पेसिंग’चा तोच नियम देवनागरीस लागू झाला की शिरोरेषेचे तुकडे पडतात. ‘म’, ‘रा’, ‘ठी’ अशी तीन अक्षरे तीन वेगळी घरे करून बसतात, आणि शब्दाला एका दृष्टिक्षेपात ओळखण्याची आपली जी लहानपणापासूनची सवय, तिचा आधारच नाहीसा होतो. अक्षरे मोठ्या लिपीत करण्याचा ‘अपरकेस’चा नियम देवनागरीवर काहीच परिणाम करीत नाही, कारण आपल्या लिपीत लहान-मोठी असा भेदच नाही, मात्र त्यामुळे एकाच रांगेत ‘इंग्लिश’ हा रोमन शब्द उंच, भारदस्त होऊन उभा राहतो आणि शेजारची मराठी त्याच्यापुढे लहान व गौण दिसू लागते. तिरप्या अक्षरांचा रोमन नियमही देवनागरीला मानवत नाही. बहुतेक देवनागरी टंकांत तिरपे वळण मुळात घडवलेलेच नसते, म्हणून ब्राउझर सरळ अक्षरांनाच कलंडून दाखवतो.

यावर माझा शिरस्ता असा आहे, की रोमन लिपीची म्हणून जी काही सजावट असेल ती इंग्रजीपुरतीच मर्यादित करावी. सीएसएसमध्ये याची तजवीज फार पूर्वीपासून आहे. होकोन विउम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी या नियमावलीची मूळ कल्पना मांडली, डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली, आणि मे १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘लँग’ हा निवडक आला, ज्याच्या साहाय्याने अमुक भाषेच्या मजकुरास अमुकच नियम लागू करता येतो. इतकी जुनी सोय हाताशी असता ती वापरली जात नाही, याचे कारण एकच: तिच्यासाठी मूळ एचटीएमएलमध्ये प्रत्येक नावाला त्याच्या भाषेचा दाखला जोडलेला असावा लागतो, आणि तो जोडण्याचे काम डोळ्यांना न दिसणारे असल्यामुळे घाईत राहून जाते.

या दाखल्याविषयी थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे, कारण मराठी व हिंदी या दोन शेजारी भाषांच्या बाबतीत त्याचे महत्त्व इतर कोठल्याही जोडीपेक्षा अधिक आहे. हावडा-मुंबई लोहमार्गावर वरठीला ‘भंडारा रोड’ हे स्थानक लागते. महाराष्ट्रातील इतर स्थानकांप्रमाणे तेथेही नाव मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत लिहावयाचे असते, आणि मराठी व हिंदी या दोन्हींची लिपी एकच असल्यामुळे ते नाव देवनागरीत दोनदा सारखेच उमटते. प्रवाशाला त्याने काही बाधा होत नाही. पण यंत्राची गोष्ट वेगळी आहे. तेलुगू वा बंगाली अक्षरे दिसली की भाषा कोणती हे त्याला लिपीवरून बव्हंशी तर्काने कळते; देवनागरी दिसली तर ती मराठी, हिंदी, नेपाळी, कोकणी, संस्कृत यांपैकी कोणती हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही. मग जो दृष्टिहीन वाचक पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनावर अवलंबून आहे, त्याला मराठी मजकूर हिंदी उच्चारांनी ऐकावा लागतो, ‘च’ आणि ‘ज’ यांचे आपले दंततालव्य उच्चार बिघडतात, आणि वाक्य समजण्यापूर्वीच कान थकून जातो.

शिवाय अक्षरांच्या वळणांचाही प्रश्न आहे. मराठीतील पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही आपली परंपरागत रूपे. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने देवनागरी वर्णमाला अद्ययावत करताना महाराष्ट्र शासनाने त्यांनाच मान्यता दिली. हिंदीत या अक्षरांची वेगळी रूपे रूढ आहेत. काही चांगल्या टंकांत दोन्ही रूपे समाविष्ट असतात, आणि मजकुराला मराठीचा ‘एमआर’ हा दाखला जोडला की टंक आपण होऊन मराठी रूपे पुढे करतो. दाखला नसेल तर हिंदीची रूपे दिसत राहतात. म्हणून माझे सांगणे असे, की संपूर्ण पानाला त्या पानाच्या भाषेचा दाखला द्यावाच, आणि त्याखेरीज मेनूतील प्रत्येक नावाला त्याच्या स्वतःच्या भाषेचा दाखला वेगळा द्यावा. इंग्रजी पानावरील ‘मराठी’ हा एकच शब्द असला तरी तो शब्द मराठीच आहे.

आता झेंड्यांविषयी. सदर यादीत इंग्रजीपुढे ब्रिटनचा झेंडा होता आणि हिंदीपुढे तिरंगा. मराठीपुढे काय लावावे हा प्रश्न पडल्यामुळे तेथेही तिरंगाच लावला होता. त्यामुळे दोन ओळींना एकच चिन्ह मिळाले आणि चिन्हाचा उपयोगच संपला. पण उपयोगाहून गंभीर बाब अशी, की तिरंगा एका भाषेस देऊन दुसरीस नाकारणे हे कोणाही भारतीयाच्या मनाला खुपणारे आहे, आणि आपल्याकडील इंग्रजी वाचकाला परक्या राष्ट्राच्या झेंड्याखाली उभे करणे तितकेच अनुचित आहे. झेंडा हे राष्ट्राचे चिन्ह आहे. भाषा राष्ट्रांच्या सीमा पाळत नाहीत, आणि आमच्या जिल्ह्यात तर त्या राज्यांच्याही पाळत नाहीत. मी ते तिन्ही झेंडे काढून टाकले आणि नावे नुसती ठेवली, प्रत्येक नाव त्याच्या स्वतःच्या अक्षरांत. इंग्रजी पानावर मराठीचे नाव रोमन अक्षरांत लिहिण्याची चाल काही ठिकाणी दिसते. तिचाही त्याग करावा, कारण ज्याला रोमन अक्षरे वाचता येत नाहीत त्यालाच तर त्या नावाची गरज आहे.

पृथ्वीच्या गोलाचे चित्र आणि माऊस नेल्यावर उतरणारी यादी या दोहोंचा विचार एकत्रच केला पाहिजे. मोबाईलला माऊस नसतो. बोट पडद्यावर टेकले की स्पर्श होतो, बोट नुसते वर धरून ठेवण्यास काही अर्थ नसतो. म्हणून केवळ ‘हॉवर’च्या नियमावर उभारलेली यादी मोबाईलवाल्या वाचकापुढे अनिश्चितपणे वागते, आणि आमच्याकडे बहुसंख्य वाचक मोबाईलवालेच आहेत. यादी हवीच असेल तर ती खऱ्या बटणाने उघडणारी असावी. परंतु मी याच्याही अलीकडे थांबून विचारीन, की भाषा तीनच असताना यादी झाकून ठेवण्याचे प्रयोजन काय? विकिपीडियासारख्या ठिकाणी, जेथे ३०० हून अधिक भाषा आहेत, तेथे भाषांची यादी बटणाआड ठेवून तीत शोधण्याची सोय करणे अपरिहार्य आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरही ती तशीच आहे, आणि तेथेही प्रत्येक भाषा स्वतःच्या लिपीत आपले नाव सांगते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तीन नावांना मात्र अशा आडपडद्याची गरज नाही. ती एका रांगेत, सतत उघडी, पानाच्या माथ्यावर ठेवावीत. मी तसे केले आणि जागा अपुरी पडेल ही संस्थेच्या चालकांची भीती निराधार ठरली. लहान मोबाईलच्या पडद्यावरही तीन नावे सहज मावतात.

नावांभोवतीची स्पर्शाची जागा ऐसपैस असावी. सुगमतेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीत अशी जागा निदान २४ बाय २४ पिक्सेल असावी असे म्हटले आहे. पण बांधीत काम करून आलेल्या माणसाचा अंगठा ध्यानात घेता मी ४४ पिक्सेलांहून खाली उतरत नाही. अक्षर व पार्श्वभूमी यांच्यातील तफावत ४.५ : १ पेक्षा कमी नसावी हा त्याच मानकाचा दंडक आहे, आणि भर दुपारी उन्हात मोबाईल पाहणाऱ्याला त्याचे मोल कळते. चालू भाषा कोणती हे केवळ रंगाने दाखवू नये, खाली रेघ किंवा चौकट द्यावी. ठळक अक्षरे दिली तर शब्दाची रुंदी बदलून शेजारची नावे हलतात, म्हणून मी ती टाळतो. कळफलकाने फिरणाऱ्याला आपण कोठे आहोत हे दाखवणारी ‘आउटलाइन’ पुष्कळ जण कुरूप म्हणून काढून टाकतात. ती काढू नये, हवी तर तिचा रंग आपल्या आवडीचा करावा. केंद्र सरकारच्या संकेतस्थळांसाठी २००९ साली प्रथम आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही, ज्यांची तिसरी आवृत्ती २०२३ साली निघाली, सुगमतेवर भर आहे. खासगी संस्थांनी ती वाचण्यास काहीच प्रत्यवाय नसावा.

टंकांविषयी एक व्यावहारिक सूचना. देवनागरी टंकाची फाइल जोडाक्षरांमुळे रोमनपेक्षा बरीच जड असते. इंग्रजी पानावर ‘मराठी’ आणि ‘हिन्दी’ या दोन शब्दांसाठी ती सबंध फाइल वाचकाच्या मोबाईलवर उतरवायला लावणे म्हणजे, जेथे अरण्यालगतच्या गावांत सिग्नल मंद असतो तेथे, त्या दोन शब्दांना सर्वांच्या शेवटी दिसण्याची शिक्षा देणे होय. अँड्रॉइडमध्ये ‘नोटो’चा, विंडोजमध्ये ‘निर्मला’चा आणि ॲपलच्या साधनांत ‘कोहिनूर’चा देवनागरी टंक आधीपासूनच असतो, मेनूसाठी तोच वापरावा, आणि दूरचा टंक आणायचाच असेल तर ‘फॉन्ट-डिस्प्ले’ला ‘स्वॅप’ ही किंमत द्यावी, म्हणजे तो येईपर्यंत अक्षरे अदृश्य राहणार नाहीत. काही जण या कटकटीतून सुटण्यासाठी भाषेच्या नावाचे चित्रच करून ठेवतात. युनिकोड रूढ होण्यापूर्वी, प्रत्येक मराठी टंकाची संकेतावली निराळी होती आणि टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हे उमटत, तेव्हा चित्राचा आश्रय घेणे समर्थनीय होते. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली तेव्हापासून देवनागरी तीत आहे, आणि आता प्रत्येक मोबाईल ती जाणतो. चित्र मोठे केले की फुटते, आवाजाने वाचले जात नाही आणि शोधात सापडत नाही.

सजावटीच्या कक्षेबाहेरच्या, पण मेनूशी निगडित अशा दोन गोष्टी राहिल्या. त्या संकेतस्थळावर चिन्नोरच्या बियाण्याचे इंग्रजी पान उघडून ‘मराठी’वर बोट ठेवले, की वाचक थेट मराठी मुखपृष्ठावर जाऊन पडे आणि बियाण्याचे पान त्याला पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागे. भाषा बदलली म्हणून विषय बदलू नये. प्रत्येक पानाचा दुवा त्याच पानाच्या दुसऱ्या भाषेतील प्रतीकडेच गेला पाहिजे, आणि ती प्रत तयार नसेल तर तसे त्या भाषेत स्वच्छ सांगितले पाहिजे. दुसरी गोष्ट भाषा आपोआप ओळखण्याची. मोबाईलची भाषा पाहून पान दाखवावे ही युक्ती वरकरणी सुबुद्ध वाटते. परंतु आमच्याकडील कित्येकांचे मोबाईल दुकानातून आले तसे इंग्रजीतच चालू असतात, मालक मात्र वर्तमानपत्र मराठी वाचतो. स्थानावरून भाषा ठरवावी तर साकोलीत उतरलेल्या बंगाली पर्यटकावर मराठी लादली जाते. यंत्राने अंदाज करावयास हरकत नाही, पण वाचकाने एकदा निवड केली की ती जतन व्हावी आणि पुढच्या भेटीत यंत्राने आपला अंदाज तिच्यापुढे रेटू नये.

हे सर्व झाल्यावर संस्थेच्या एका सभासदाने, जो स्वतः गोंड समाजातील आहे, मला विचारले, की पुढेमागे गोंडीत माहिती द्यावयाची झाली तर तिचे नाव या रांगेत बसेल काय. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे ३० लाख आहे. प्रश्न अत्यंत रास्त होता आणि त्याने मला माझे काम पुन्हा तपासावयास लावले. प्रत्येक नावाला एकूण रुंदीचा एक-तृतीयांश भाग देण्याचा नियम जुन्या सजावटीतून तसाच राहिला होता; तो काढून मी नावांना त्यांच्या लांबीइतकीच जागा दिली आणि रांग भरल्यास पुढचे नाव खालच्या ओळीत उतरेल अशी ‘फ्लेक्स-रॅप’ची व्यवस्था केली. डावे-उजवे अंतरही ‘इनलाइन’च्या भाषेत लिहिले, म्हणजे उद्या उर्दू आली आणि दिशा उलटली तरी नियम बदलावे लागणार नाहीत. गोंडीपुढे मात्र लिपीचा वेगळाच पेच आहे. ती आपल्याकडे देवनागरीत लिहिली जाते. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली तिच्यासाठी एक लिपी सिद्ध केली, जी २०१७ साली युनिकोडमध्ये आली. आणि तेलंगणातील गुंजाळा गावच्या हस्तलिखितांतून पुढे आलेली दुसरी लिपी २०१८ साली. या दोन्ही लिप्यांचे टंक सर्व मोबाईलवर असतीलच असे नाही, आणि टंक नसेल तर नावाच्या जागी रिकामे चौकोन दिसतील. तेव्हा या ठिकाणी मी स्वतःचाच आधीचा सल्ला बाजूस ठेवतो: गोंडीच्या नावाला लागणारी थोडकी अक्षरे तेवढी वेगळी काढून त्यांचा छोटा टंक संकेतस्थळासोबतच द्यावा, त्याच्या शेजारी तेच नाव देवनागरीतही लिहावे, आणि दोन्हींना ‘जीओएन’ हा गोंडीचा दाखला जोडावा. कोणती लिपी अगोदर लिहावी हे त्या सभासदांनी आपसात बसून ठरवायचे आहे. मी रांगेत जागा करून ठेवली आहे.